शेफील्डचा पगार, लंडनचं भाडं

ग्लेंडा स्टॅनिफोर्थनं आयुष्यभर दुसऱ्यांचे पगार काढले. आधी तेवीस वर्षं सुऱ्या-काटे बनवणाऱ्या एका कारखान्यात, आणि तो बंद पडल्यावर अकरा वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत. ही कंपनीही शेफील्डच्या नदीकाठच्या अशाच एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत होती. पहिल्या ठिकाणी माणसांच्या हाताला तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास यायचा, दुसऱ्या ठिकाणी कॉफीचा. बाकी काम तेच, असं ती म्हणायची. महिनाअखेर आली की कुणीतरी दाराशी येऊन घुटमळणार, "ग्लेंडा, या वेळी कमी का आलेत गं?" म्हणून विचारणार, आणि ग्लेंडा खुर्ची पुढे सरकवणार.

अंगानं बुटकी, करड्या केसांची, गळ्यात चष्म्याची साखळी. ऑफिसात लहानमोठे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारत, तिलाही. पण नव्यानं आलेली पोरं तिच्याशी बोलताना आपोआप ताठ उभी राहायची. कुणाची पगारपट्टी चुकली तर चूक दुरुस्त करून ती गप्प बसत नसे. त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन, चूक कुठं झाली ते कागदावर काढून दाखवायची आणि माफी मागायची. कॉम्प्युटरनं चूक केली असली तरी माफी तीच मागायची.

कंपनी दातांच्या दवाखान्यांना भेटीच्या वेळा ठरवायचं सॉफ्टवेअर विकत असे. शेफील्डला साठ माणसं, लंडनला चाळीस. काम सगळं मिळून. रोज सकाळी दोन्हीकडचे लोक पडद्यावर एकमेकांची तोंडं बघत आणि कामाला लागत.

शेफील्डच्या शबनम मलिक आणि लंडनच्या फेलिक्स ट्रेलॉर यांची अशीच जोडी जमली होती. चार वर्षं दोघांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहिला, एकमेकांच्या चुका निस्तरल्या. एका दुपारी बोलता बोलता पगाराचा विषय निघाला, आणि त्याच संध्याकाळी शबनम ग्लेंडाच्या दारात उभी राहिली.

"एक विचारू? पण रागावायचं नाही."

"विचारायच्या आधीच रागावायला बंदी? बस."

शबनम बसली नाही. "फेलिक्सला वर्षाला अडुसष्ट हजार पाउंड मिळतात. मला सेहेचाळीस. काम एक, चुकासुद्धा आम्ही मिळूनच करतो. एवढं बावीस हजारांचं महाग असतं का गं लंडन?"

ग्लेंडाला हे दोन्ही आकडे पाठ होते. चार वर्षं ती ते दर महिन्याला भरत आली होती. "दुसऱ्याच्या पगारावर मी बोलत नाही. माहितीये तुला."

"पगारावर नको बोलूस. लंडनवर बोल. राहिलीयस तू तिथं कधी?"

ग्लेंडा लंडनला तीनदा जाऊन आली होती. तिन्ही वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिनं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले, आणि तिला उत्तर माहीत नाही हे शबनमच्या लक्षात आलं.

ते ग्लेंडाच्या मनाला लागलं. घरी तिचा नवरा ट्रेव्हर, पूर्वी ट्राम चालवायचा, आता निवृत्त, सिंकपाशी बटाटे सोलत होता. कोट न काढताच ती त्याला म्हणाली, "चौतीस वर्षं मी लोकांना सांगतेय की तुमचा पगार बरोबर आहे. बरोबर म्हणजे बेरीज बरोबर. एवढंच."

"मग? बेरीज तर बरोबर असते ना?"

"ते तुला नाही कळायचं. बटाटे जाड सोलतोयस."

पुढच्याच आठवड्यात शबनम आणि शेफील्डच्या आणखी आठजणांनी सही करून साहेब लोकांना पत्र दिलं: एकच काम, मग पगार दोन का? वरून चक्र फिरलं आणि काम येऊन पडलं ग्लेंडाच्याच टेबलावर. लंडन ऑफिसात कर्मचारी विभाग सांभाळणारा क्रिस्पिन वेदरॉल म्हणून एक गृहस्थ होता. सभ्य, उंच, नेहमी घाईत. त्यानं फोन केला.

"सोपं आहे ग्लेंडा. इंटरनेटवर एक जागा आहे, दोन शहरांची नावं टाकली की ती खर्चातला फरक सांगते. ते कोष्टक आपल्या कागदावर उतरव, खाली सही कर. शुक्रवारपर्यंत दे."

तिनं नावं टाकली. उत्तर आलं: लंडन बावन्न टक्के महाग. तिनं ते तीनदा वाचलं आणि परत फोन लावला.

"हे बावन्न टक्के कुणासाठी?"

"सरासरी माणसासाठी."

"हा सरासरी माणूस मला कधी भेटला नाही. त्याला मुलं आहेत? तो भाड्यानं राहतो की घर स्वतःचं आहे?"

"ग्लेंडा, ते नुसतं कोष्टक आहे."

"हो, आणि खाली सही माझी हवीय तुला."

क्रिस्पिननं सुस्कारा सोडला. नाहीतरी पगाराची नवी पद्धत शिकायला तिला लंडनला यायचंच होतं, दोन-अडीच आठवडे. तेव्हाच बघून घे, म्हणाला. कंपनी हॉटेल देईल. ग्लेंडा म्हणाली, हॉटेल नको. हॉटेलात राहून अंड्यांचा भाव कळत नाही.

तिनं लंडनच्या पेकम भागात एक खोली घेतली. घरमालकीण मिसेस ओयेलारन, नायजेरियातल्या लेगोसहून तरुणपणी आलेल्या, पस्तीस वर्षं नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या, एकाहत्तर वर्षांच्या. त्यांनी दार उघडलं आणि ग्लेंडाच्या हातातली जाडजूड वही आधी पाहिली.

"कर खात्याकडून आलीस का गं?"

"नाही हो. मी पगार काढते."

"माझा काढतेस का? ये आत, पाय पूस."

पहिल्या दोन दिवसांत दोघींचं असं जमलं की बघणाऱ्याला वाटावं, एकाच गल्लीत वाढल्या असतील. दोघींनाही दुकानात भाव वाचून दाखवायची सवय, दोघींनाही उघडं राहिलेलं दार सहन होत नसे. मिसेस ओयेलारन तिला बाजारात घेऊन गेल्या. तिथं भाजीवाल्यांनी पाउंडाला एकेक वाडगा असे वाडगे मांडून ठेवले होते, मिरच्यांचे, टोमॅटोंचे, आल्याचे. ग्लेंडानं वही उघडली.

"हे तर आमच्याकडच्यापेक्षा स्वस्त आहे."

"मग लिही. खरं तेच लिही. आणि हेही लिही, की मी तुझ्या खोलीचे महिन्याला साडेनऊशे घेते आणि मी चोर नाही."

शेफील्डमध्ये साडेनऊशेला अख्खं घर मिळत होतं, मागच्या अंगणासकट. ग्लेंडानं दोन्ही लिहिलं. बसचं तिकीट शेफील्डहून कमी, लिहिलं. बिअरचा ग्लास जवळजवळ दुप्पट, लिहिलं. शेफील्डच्या टेकडीवरच्या तिच्या घराला गॅस जास्त लागायचा, तेही लिहिलं. वही भरत चालली, पण तिला हवं होतं ते मिळत नव्हतं. लंडन काही ठिकाणी महाग होतं, काही ठिकाणी नव्हतं. आणि ते कुणाला किती महाग, हे घरागणिक बदलत होतं.

मिसेस ओयेलारन यांचंच बघा. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा पेकममध्ये कुणी घर घ्यायला धजत नसे. आता दलाल घर विकता का म्हणून दर महिन्याला पेटीत चिठ्ठी टाकून जायचा. "मी आठ लाख पाउंडांत राहते," त्या हसून म्हणायच्या, "आणि हीटर सहा वाजता बंद करते." दोन्ही मुलं मात्र शहर सोडून गेलेली. मुलगी लीड्सला, मुलगा त्याहून लांब. आपण जिथं वाढलो तिथं भाड्यानं खोली घेणंही त्यांना परवडत नव्हतं. "या भिंतींनी मला श्रीमंत केलं आणि माझी मुलं पळवली. तुझ्या वहीत याला रकाना आहे का?"

ग्लेंडाच्या वहीत तसा रकाना नव्हता. तिनं पट्टी घेऊन एक आखला.

दुसऱ्या रविवारी ती फेलिक्सकडे गेली. त्यानंच बोलावलं होतं. ग्लेंडा येताना मनात थोडी अढी घेऊनच आली होती. शबनमचा चेहरा तिला आठवत होता. लंडनच्याच वॉल्थमस्टो भागातलं दुसऱ्या मजल्यावरचं एका झोपायच्या खोलीचं घर. त्या खोलीत चौदा महिन्यांचा ऑटिस झोपला होता, आणि बैठकीच्या खोलीत सोफ्याचा पलंग करून फेलिक्स आणि त्याची बायको मारिसा झोपत. घडी घातलेल्या चादरी टीव्हीमागे कोंबलेल्या दिसत होत्या.

मारिसानं केक केला होता. बोलकी, मनमोकळी बाई. स्नायूंच्या दुखण्यांवर उपचार करायचं तिचं शिक्षण होतं, दवाखान्यात नोकरी होती. "सोडली," ती म्हणाली. "पाळणाघराचे महिन्याला एकोणीसशे. माझा पगार त्यातच जायचा, वर येण्याजाण्याचा खर्च वेगळा. मी पदरचे पैसे घालून कामाला जात होते."

"आईवडील कुणी जवळ नाहीत?"

"माझे पोर्तुगालला. फेलिक्सचे कॉर्नवॉलला. गाडीनं पाच तास."

फेलिक्स चहा ओतत होता. मान वर न करता म्हणाला, "शबनमला यातलं काही सांगितलेलं नाही मी. तिला वाटतं मी इथं ऐटीत राहतो. आकडा सांगितला तेव्हा ती एकदम गप्प झाली, मग मला बोलायची लाजच वाटली."

"लाज कसली?"

"अडुसष्ट हजार मिळतात आणि महिन्याच्या वीस तारखेला मी दुकानात मोजून सामान घेतो. सांगणार कुणाला? लोक हसतील."

ग्लेंडा हसली नाही. तिनं वही पिशवीतून काढलीच नाही. ऑटिस उठला, तिच्या मांडीवर चढून साखळी ओढू लागला, आणि ती तासभर तशीच बसून राहिली. परतीच्या बसमध्ये तिनं मनातल्या मनात हिशेब केला. कर वजा जाता फेलिक्सच्या हातात शबनमपेक्षा महिन्याला अकराशे पाउंड जास्त येत होते. भाड्यातला फरकच साडेआठशेचा. आणि शबनमची चार वर्षांची मुलगी शाळेआधी आणि शाळेनंतर दोन गल्ल्या पलीकडे आजीकडे असायची. मारिसाचा तर अख्खा पगारच गेला होता. म्हणजे जास्त पगारवाला कमी पगारवालीपेक्षा ओढगस्तीत होता.

पण गोष्ट तेवढ्यावर संपत नव्हती. फेलिक्सच्याच ऑफिसात सव्वीस वर्षांचा एक पोरगा होता, चार मित्रांत घर वाटून राहणारा. तो वर्षातून दोनदा बर्फात घसरायला आल्प्सला जायचा. आणि क्रिस्पिन वेदरॉल. त्यानं पंचवीस वर्षांपूर्वी घर घेतलेलं, कर्ज कधीच फिटलेलं. त्यालाही लंडनच्या महागाईचा तोच वाढीव पगार मिळत होता.

शेवटच्या रविवारी मिसेस ओयेलारन यांनी तांबडा तिखट भात केला आणि ग्लेंडानं मटण-बटाटे घालून भाजलेला इंग्रजी 'पाय'. घरून आणलेली शेफील्डची काळी पातळ चटणी ती त्यावर ओतू लागली तेव्हा मिसेस ओयेलारन यांनी बाटली हातात घेऊन वास घेतला आणि भातावरही ओतली. "यात तिखट कमी आहे," त्या म्हणाल्या, "पण बनवणारा माणूस प्रामाणिक वाटतो."

शेफील्डला परत आल्यावर ग्लेंडानं आठवडाभर खपून सहा पानं लिहिली. वर पाठवण्याआधी तिनं ती शबनमला दाखवली. नावं कुणाचीच नव्हती, पण शबनमनं फेलिक्सला ओळखलं. फेलिक्सनं तशी परवानगी दिली होती, किंबहुना सांगून टाक एकदाचं, असंच म्हणाला होता. वाचता वाचता शबनमचा चेहरा पडला.

"म्हणजे त्याचंच बरोबर? माझी आई पोरीला सांभाळते म्हणून माझा पगार कमी असला तरी चालेल?"

"पान चार वाच."

"वाचते. पण मला वाटलं होतं, तू माझ्या बाजूनं आहेस."

"आहे की. पान चार वाच, शबनम."

चौथ्या पानावर लिहिलं होतं: 'शेफील्डचा पगार पुरतो, कारण आमच्या एका सहकाऱ्याची आई आठवड्याला तीस तास विनामूल्य काम करते. तिचं नाव कंपनीच्या पगारपत्रकावर नाही. लंडनला हे काम करणारं कुणी नाही, म्हणून एका सहकाऱ्याच्या पत्नीनं नोकरी सोडली. तिचंही नाव पगारपत्रकावर नाही. आपण ज्याला दोन शहरांतला फरक म्हणतो, त्यातला बराचसा भाग या दोन बायका भरून काढत आहेत.'

शबनमनं ते दोनदा वाचलं. मग कागद खाली ठेवला. "अम्मीला वाचून दाखवू?" तिनं विचारलं. ग्लेंडा म्हणाली, दाखव.

फेलिक्सला तिनं त्याच दिवशी फोन केला. काय बोलणं झालं ते ग्लेंडाला कळलं नाही; पण दुसऱ्या सकाळी पडद्यावर दोघं एकमेकांना चिडवत होते, एवढं तिनं दारातून पाहिलं.

क्रिस्पिननं बोलावलेली बैठक लंडनहून पडद्यावर झाली. ग्लेंडानं सहाही पानं वाचून दाखवली, सावकाश, चष्मा नाकावर. तिची शिफारस साधी होती. एका कामाला एकच पगार, माणूस कुठंही बसो. कुणाचा कमी करायचा नाही, शेफील्डचा वाढवायचा. आणि ज्याला खरोखर भाडं भरावं लागतं किंवा पाळणाघराचा खर्च आहे, त्याला त्यासाठी वेगळी मदत द्यायची, दोन्हीकडे.

क्रिस्पिन घसा खाकरून म्हणाला, "पण तुझ्याच कागदावरून दिसतंय ना ग्लेंडा, की लंडनच्या माणसाला जास्त लागतात. मग आहे तेच बरोबर नाही का?"

"फेलिक्सला लागतात. तुला लागतात का?"

ग्लेंडाला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. ती हलक्या आवाजात पुढे म्हणाली, "तुझं घर कर्जातून सुटलेलं आहे, क्रिस्पिन. तुझी चूक नाही त्यात. पण शहर महाग म्हणून तुला जे मिळतं, ते शहर तुझ्याकडून घेत नाही. त्याच्याकडून घेतं."

त्या दिवशी काही ठरलं नाही. ग्लेंडा घरी गेली ती आपली नोकरी बहुतेक गेली असं ट्रेव्हरला सांगतच. ट्रेव्हर म्हणाला, बरं झालं, परसात वाटाण्यांचे वेल चढवायला दोन हात कमीच पडतायत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत क्रिस्पिनचा फोन आला. ऑफिसच्या फोनवर नाही, तिच्या स्वतःच्या.

"माझी मुलगी एकतीस वर्षांची आहे," तो म्हणाला. त्यानं नमस्कार वगैरे काही केला नव्हता. "शिक्षिका आहे. आमच्या मागच्या खोलीत राहते, शाळेत होती तेव्हाच्याच. काल मी जेवताना तुझी पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, बाबा, हे तुम्हाला शेफील्डच्या बाईंकडून ऐकावं लागलं?"

ग्लेंडानं सँडविच खाली ठेवलं. "मला तुला दुखवायचं नव्हतं."

"माहितीये. मी ते कागद माझ्या सहीनं वर पाठवतोय. एकच शंका आहे. यात सगळ्यांच्या ओळी आहेत, पगार काढणाऱ्या बाईची नाही. इथं तेच काम करणाऱ्याला तुझ्यापेक्षा नऊ हजार जास्त मिळतात."

"ठाऊक आहे मला. त्याचा पगार मीच पाठवते."

"मग लिहिलं का नाहीस?"

ग्लेंडानं थोडा विचार केला. "स्वतःची ओळ स्वतः लिहिली की बाकीच्या ओळींवरचा विश्वास उडतो."

"मग मी लिहितो," क्रिस्पिन म्हणाला, आणि त्यानं लिहिली.

साहेब लोकांनी सगळं मानलं नाही. कुठलेच मानत नाहीत. दोन वर्षांत तीन टप्प्यांनी शेफील्डचे पगार वर न्यायचे ठरलं. पहिले दोन टप्पे वेळेवर आले, तिसरा धंदा मंदावल्याचं कारण सांगून अर्धाच आला. पाळणाघराची मदत मात्र लगेच सुरू झाली. मारिसा आठवड्यातले तीन दिवस परत दवाखान्यात जाऊ लागली. भाड्याची मदत कागदावरच राहिली, आणि ग्लेंडा दर तिमाहीला त्याबद्दल दोन ओळींचं पत्र वर पाठवत राहिली.

शबनमच्या पगाराचा पहिला वाढीव महिना आला तेव्हा तिची आई ऑफिसात आली. सलवार-कमीजवर जाड कोट, हातात झाकलेला डबा. ग्लेंडाच्या टेबलावर डबा ठेवून म्हणाली, "तुम्ही माझे तास मोजलेत म्हणे."

"तीस लिहिले. चुकले का?"

"छत्तीस आहेत. शनिवार धरला नाहीत." आणि मग दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली.

मिसेस ओयेलारन ऑगस्टमध्ये आठवडाभर राहायला आल्या, लीड्सच्या मुलीकडे जाता जाता. ग्लेंडाच्या घराची चढण चढताना चार वेळा थांबल्या, पाचव्या वेळी बागेच्या कठड्यावर बसूनच राहिल्या. "तुझं घर स्वस्त का आहे ते आता कळलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "इथं लोक भाडं गुडघ्यांनी भरतात." ट्रेव्हर पाणी घेऊन धावत खाली आला. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि ग्लेंडाला विचारलं, हाच का तो, बटाटे जाड सोलणारा?

आठवडा संपला तरी त्या गेल्या नाहीत. मुलीचा लीड्सहून फोन आला, आई, कधी येतेस? मिसेस ओयेलारन म्हणाल्या, येते गं, सोमवारी. इथं वाटाणे तयार झालेत, आधी तेवढे सोलून देते यांना.